पाऊस पडला की सकाळी सोलर बंद: इन्व्हर्टरवर ‘आयसोलेशन’चा एरर पुन्हा पुन्हा का येतो

जुलै-ऑगस्टात मला येणारे फोन जवळपास एकाच चालीचे असतात. रात्री पाऊस झाला की सकाळी सोलरच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या पेटीवर, लाल दिवा. दहा-साडेदहाला ऊन तापलं की आपोआप हिरवा. व्हेंडरचा माणूस दुपारी येतो, सगळं चालू बघतो, ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘आयसोलेशन फॉल्ट’, ‘पीव्ही इन्सुलेशन लो’, ‘आयएसओ एरर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कंपनीगणिक शब्द बदलतो, दुखणं तेच असतं.

मी चिपळूण भागात वायरमनचं काम करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळायला लागलं आणि वाडी-वाडीवर पॅनेलं चढली. झालं ते चांगलंच झालं. पण कामं वाढली त्या मानाने शिकलेले हात वाढले नाहीत. पॅनेल चांगलं असतं, इन्व्हर्टर चांगला असतो, आणि दोघांना जोडणारं काम संध्याकाळच्या आत उरकलेलं असतं. पावसाळी एररचं मूळ मला पॅनेलच्या काचेत क्वचितच सापडलं आहे. ते बहुतेक वेळा छपरावर माणसाने हाताने केलेल्या जोडात निघतं. म्हणून कोणी ‘पॅनेल बदलावं लागेल, खर्च येईल’ म्हणालं, तर आधी जोड बघून घ्या.

एरर म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. पॅनेलांमधून येणारी वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी असते. तिची प्लस आणि मायनस या दोन्ही तारांचा जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी, कुठेही संबंध यायला नको. इन्व्हर्टर रोज सकाळी महावितरणच्या लाइनला जोडून घेण्याआधी हेच तपासतो: तार आणि अर्थ यांच्यात पुरेसा अडसर आहे ना? कुठल्या तरी जोडात पाणी शिरलेलं असेल, ते पाणी पॅनेलांखालच्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे स्ट्रक्चरला, टेकत असेल, तर वीज तिथून झिरपते, अडसर कमी भरतो आणि इन्व्हर्टर चालू व्हायला नकार देतो. ऊन लागलं, जोड सुकला, की अडसर परत वाढतो आणि मशीन चालू होतं. म्हणूनच दुपारी येणाऱ्या माणसाला काही सापडत नाही. तो चुकीच्या वेळी आलेला असतो.

‘होतं ना नंतर चालू, मग राहू दे,’ असं बरेच जण म्हणतात. कृपा करून तसं करू नका. एका ठिकाणी वीज झिरपत असते तोवर फार काही दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणी झिरपायला लागली की त्या दोन जागांमधून स्ट्रक्चरच्या लोखंडातून सर्किट पुरं होतं. डीसीची ठिणगी एसीसारखी नसते. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. पेटलेली ठिणगी तशीच जळत राहते, प्लास्टिक वितळवते, आणि खाली पत्र्याखाली लाकडी वासे असतील तर पुढचं सांगायला नको.

मागच्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. एका निवृत्त शिक्षिका बाईंचं घर, स्लॅबवर ५४० वॅटची ६ पॅनेलं. पॅनेलं बसल्यावरचा हा दुसरा पावसाळा. व्हेंडरची माणसं चारदा येऊन गेली होती, एकदा इन्व्हर्टरसुद्धा बदलला होता. एरर कायम. बाईंनी मात्र एक काम केलं होतं, त्यासाठी मी त्यांना मनापासून दाद दिली. शाळेच्या हजेरीपटासारख्या आखीव वहीत त्यांनी रोज लिहून ठेवलं होतं: ‘रात्री मुसळधार. ६.५० लाल. १०.१५ हिरवा.’ ‘रात्री पाऊस नाही, दव. ६.४५ लाल. ८.०५ हिरवा.’ ‘पाऊस नाही, वारा. ६.३५ हिरवा.’ सव्वा महिन्याच्या नोंदी. म्हणाल्या, “अरे, मला त्यातलं कळत नाही, पण ओलं असलं की हा रुसतो एवढं कळलंय. तू बघ तरी.” मी म्हटलं, “बाई, अर्धं काम तुम्हीच केलंत. उद्या पावसात सहालाच येतो.”

पुढचं माझ्यासारख्या वायरमनसाठी लिहितो आहे. घरमालकाने हे वाचावं, म्हणजे समोरचा माणूस काय करतो आहे ते कळेल, पण स्वतः हात घालू नये. पॅनेलवर उजेड पडला की तारेत व्होल्टेज असतंच, ते बंद करायला कुठलंही बटण नाही. सहा पॅनेलांचं मिळून पावणेतीनशे-तीनशे व्होल्ट डीसी होतं. ओल्या छपरावर तो खेळ नाही.

सकाळी आधी इन्व्हर्टरचा एसी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पाडला, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडची तार तोडणारा स्विच, बंद केला. क्लॅम्प मीटर लावून तारेत करंट शून्य आहे ना ते पाहिलं. ही पायरी कधीच सोडू नका, कारण चालू करंटवर कनेक्टर ओढला तर ठिणगी तोंडावर येते. डीसी बॉक्समधल्या सर्ज प्रोटेक्टरच्या (विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या) कांड्या काढून ठेवल्या, नाहीतर त्या रीडिंग बिघडवतात. मग १००० व्होल्टपर्यंतच्या चांगल्या मल्टिमीटरने तीन मापं घेतली. प्लस ते मायनस २८२. प्लस ते अर्थ १८८. मायनस ते अर्थ ९४.

जोड कुठे गळतो आहे ते या तीन आकड्यांनीच सांगितलं. तारा धड असत्या तर अर्थशी घेतलेली दोन्ही मापं काही सेकंदांत घसरून शून्याकडे गेली असती. इथे ती घट्ट उभी होती आणि त्यांची बेरीज बरोबर २८२ भरत होती. म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळेत मधे कुठेतरी एकच जागा जमिनीला टेकलेली. एका पॅनेलचे ४७ व्होल्ट. ९४ भागिले ४७ म्हणजे २. मायनसच्या टोकाकडून मोजत दोन पॅनेलं सोडली की तिसरं सुरू होण्याआधीचा जोड. सहाही पॅनेलं उचकटायची गरजच नव्हती.

स्लॅबवर गेलो. पाण्याची टाकी मधे आल्यामुळे दोन पॅनेलं टाकीच्या एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला बसवलेली. पॅनेलच्या स्वतःच्या वायरी तेवढ्या लांब पोचत नाहीत, म्हणून बसवणाऱ्याने मधे एक जादा तुकडा घातला होता. तो तुकडा दोन नंबर आणि तीन नंबरच्या मधला. त्याच्या एका टोकाचा एमसी-४ कनेक्टर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, स्ट्रक्चरच्या सी-चॅनेलमध्ये पडलेला, आणि चॅनेलमध्ये बोटभर पाणी. बांधायला वापरलेला साधा पांढरा टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटलेला होता, त्याचा अर्धा तुकडा अजून वायरीला लटकत होता.

कनेक्टर हातात घेतला तेव्हाच कळलं, दोन अर्धे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. पॅनेलबरोबर आलेला एक, बाजारातला स्वस्त दुसरा. हे एकमेकांत बसतात, ‘टक’ असा आवाजही येतो, पण आतल्या पिनेची जाडी आणि रबराची रिंग यांत बारीकसा फरक असतो, आणि पाण्याला तेवढा पुरतो. मागचा नट नुसता बोटाने फिरवलेला, पान्याने आवळलेलाच नाही. फिरवला तर आतून चार-पाच थेंब हातावर आले. पिनेवर हिरवी बुरशीसारखी पूड, तांब्याचा गंज तो. आणि क्रिम्प, म्हणजे पिनेत तार दाबून बसवणं? ती क्रिम्पिंग टूलने केलेली नव्हतीच, पक्कडीने चेपली होती. पिनेवर पक्कडीचे दात स्पष्ट उमटलेले. वायरीच्या दोन तारा बाहेर राहिलेल्या. प्लास्टिकची एक बाजू तपकिरी झालेली, म्हणजे जोड गरमही होत होता. या माळेतून भर उन्हात १३ अँपिअर जातात. ढिल्या जोडात एक दशांश ओहम जरी आला, तरी १३ चा वर्ग गुणिले ०.१, सुमारे १७ वॅटची उष्णता त्या बोटाएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडते. सोल्डरिंग गनचं टोक तिथे रोज पाच तास टेकवून ठेवल्यासारखंच ते.

नवा तुकडा केला. ४ चौरस मिमीची कलईदार तांब्याची सोलर केबल, दोन्ही टोकांना पॅनेलच्याच कंपनीचे आणि त्याच जातीचे कनेक्टर, योग्य टूलने क्रिम्प, पान्याने आवळलेले नट. जोड चॅनेलमधून बाहेर काढून पॅनेलच्या फ्रेमखाली, पाणी साचणार नाही असा, काळ्या यूव्ही टायने बांधला. वायरीला जोडाच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून जोडात न जाता झोलाच्या तळाशी ठिबकतं. मग ५०० व्होल्टवर मेगर, म्हणजे हाच अडसर मोजणारं मीटर, लावला. किमान १ मेगाओहम हवा, इथे ओल्या छपरावर २० च्या वर दाखवला. इन्व्हर्टर लावून मेगर फिरवू नका, हे नव्या पोरांना सांगतो, मशीन जळेल.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला बसलो ते. हा एरर घालवण्याचे तीन चुकीचे मार्ग सर्रास वापरले जातात आणि ते मी स्वतः पाहिले आहेत.

पहिला, इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये जाऊन इन्सुलेशनची मर्यादाच खाली आणायची. लाल दिवा जातो, गळती तशीच राहते. तुमच्या मशीनचं सेटिंग कोणी बदललं असेल तर त्याला कारण विचारा आणि आधी किती होतं ते लिहून मागा.

दुसरा, इन्व्हर्टर बदलून देणं. बाईंच्या घरी तेच झालं. नवं मशीन आलं, वाटलं सुटलो, आठ दिवस कोरडे गेले, नवव्या दिवशी पाऊस.

तिसरा सगळ्यात वाईट. एका घरी मी गेलो तर एरर खरंच गायब होता, पण मालकाला स्ट्रक्चरच्या पायाला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या. बघतो तर स्ट्रक्चरपासून अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाणारी पट्टी कोणीतरी नटातून सोडवून बाजूला वाकवून ठेवली होती. स्ट्रक्चर जमिनीपासून तोडलं की इन्व्हर्टरला गळती दिसत नाही, आणि ती सगळी वीज फ्रेमवर उभी राहते. त्याच गच्चीवर त्यांची नात कपडे वाळत घालायला जायची. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, खोटं सांगत नाही. जो कोणी हे करतो, त्याने पुन्हा कोणाच्या छपरावर चढू नये.

म्हणून घरमालकाने वर्षातून दोनदा तरी नुसत्या डोळ्यांनी एवढं पाहावं: पॅनेल-स्ट्रक्चरला जोडलेली अर्थिंगची पट्टी किंवा हिरवी तार खालपर्यंत अखंड आहे ना. लाइटनिंग अरेस्टरची (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याची), डीसी बाजूची आणि एसी बाजूची अशी तीन अर्थिंगं वेगवेगळ्या खड्ड्यांत असायला हवीत. कित्येक ठिकाणी झाकणं तीन दिसतात, पण आत रॉड एकच असतो. अर्थ टेस्टर लावून प्रत्येकाचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा. ५ ओहमच्या आत यायला हवं. आमच्या जांभ्या दगडात ते सहज येत नाही हे खरं, रॉड खोल न्यावा लागतो, जागा बदलावी लागते. पण ‘कोकणात असंच असतं’ हे उत्तर घेऊ नका.

बाकी काही दुखणी याच्याशी मिसळून येतात, ती वेगळी ओळखा.

भर दुपारी, कडक उन्हात इन्व्हर्टर मधेमधे बंद पडून पाच-दहा मिनिटांनी चालू होत असेल, तर ते पाण्याचं नाही, एसी बाजूच्या व्होल्टेजचं आहे. लाइनचं व्होल्टेज २३० च्या १० टक्क्यांहून वर, म्हणजे २५३ च्या पुढे गेलं की इन्व्हर्टरने लाइन सोडायची असा नियम आहे. सोलर वीज लाइनकडे ढकलताना स्वतःच्या टोकाचं व्होल्टेज थोडं वर नेतं. किती, ते वायरीवर ठरतं. ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर मीटरपासून ३० मीटरवर असेल आणि मधे तांब्याची २.५ चौरस मिमी वायर ओढली असेल तर भर लोडला जवळजवळ १० व्होल्ट चढतात. तीच वायर ६ ची असेल तर ४. म्हणजे मीटरवर २४४ असताना बारीक वायरीने इन्व्हर्टरपाशी २५४ होतात आणि मशीन बंद पडतं. दोन्ही जागी एकाच वेळी मोजायला लावा. फरक मोठा असेल तर वायर किंवा वायरीच्या टोकाचा एखादा ढिला लग, ते व्हेंडरचं काम. मीटरवरच २५० असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार. आणि घरातले दिवे मधेच प्रखर होत असतील, पंख्याचा आवाज बदलत असेल, तर वाट बघू नका, न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता आहे. मेन बंद करून माणूस बोलवा. थ्री फेज घरात न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या आसपास जाऊ शकतं.

डीसी बॉक्स उघडल्यावर एमसीबीवर काय छापलंय ते वाचायला लावा. लाटेसारखी खूण म्हणजे एसीचा, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसीचा. एसीचा एमसीबी डीसीवर लावलेला मला आजवर सात ठिकाणी मिळाला. तो पाडला तरी आतली ठिणगी विझेलच असं नाही. काही डीसी एमसीबींवर प्लस-मायनसही छापलेलं असतं, तिथे वायर उलटी लावली तरी तोच धोका.

इन्व्हर्टरच्या जागेबद्दलही एक सांगून ठेवतो. २२ जुलै २०२१ चा पूर ज्या गावाने पाहिला, तिथे अजूनही इन्व्हर्टर आणि बॉक्स तळमजल्यावर कमरेच्या उंचीला लावले जातात, हे बघून जीव तुटतो. वरच्या मजल्याच्या जिन्यात लावा, दहा मीटर केबल जादा जाईल.

तक्रार कशी करायची. फोनवर ‘सोलर बंद आहे’ एवढंच सांगितलं तर दुपारचीच माणसं येणार. बाईंसारखी नोंद ठेवा: तारीख, रात्रीचा पाऊस, लाल दिवा कधी, हिरवा कधी, अ‍ॅपवरच्या एररचा स्क्रीनशॉट. ती व्हेंडरला लेखी पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपबरोबर ईमेलही करा, आणि स्पष्ट लिहा की तपासणी ओलं असताना, सकाळी ८ च्या आत हवी. सूर्यघर योजनेतल्या करारात पाच वर्षांची देखभाल व्हेंडरवरच असते, त्यासाठी पैसे मागितले तर करार काढून दाखवा. आला माणूस, तर प्लस-अर्थ आणि मायनस-अर्थ ही मापं आणि मेगरचा आकडा कागदावर सहीनिशी मागा. जो मोजतच नाही, नुसता रीसेट मारतो, त्याच्या भेटीची नोंद ‘मोजमाप केले नाही’ अशीच करा. तरीही हललं नाही तर योजनेची हेल्पलाइन १५५५५, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. योजनेच्या यादीत राहायला व्हेंडरला वीज कंपनीकडे बँक गॅरंटी ठेवावी लागते, त्यामुळे लेखी तक्रारीला वजन असतं.

दुरुस्ती झाल्यावर काढलेला कनेक्टर टाकून देऊ नका. बाईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर तारखेची चिठ्ठी लावून ठेवला होता. व्हेंडरचा मालक आठवड्याने आला तेव्हा त्यांनी पिशवी आणि वही दोन्ही टेबलावर ठेवली. तो बराच वेळ पक्कडीचे दात बघत बसला, मग वर जाऊन इन्व्हर्टरपर्यंत येणाऱ्या दोन मुख्य वायरींचे चारही जोड त्याने कापून नव्याने करून दिले. त्यातल्या एकात पाणी निघालं.